गंगेकांठचें नाशिक : एका दिवसाची सहल

नाशिकास जाऊन आलेल्या विद्यार्थ्यास "काय पाहिलेंस?" असें विचारलें म्हणजे तो बहुधा देवळांचीं नांवें सांगूं लागतो. काळाराम, कपालेश्वर, सीतागुंफा, पांडवलेणीं अशी चारपांच नांवांची माळ संपली कीं त्याची सहलही संपली. नदीचें नांव त्या माळेंत क्वचितच येतें. आलें तरी "मग आम्ही रामकुंडावर गेलों" एवढ्यापुरतेंच. वास्तविक पाहतां नाशिक हें गांव नदीनें वसविलेलें, नदीनें पोसलेलें आणि वेळोवेळीं नदीनेंच बुडविलेलें आहे. तेथील घाट, कुंडें, देवालयें, पूल हीं सर्व पाणी कोठपर्यंत चढेल आणि कोठपर्यंत उतरेल याचा अदमास घेऊन बांधलेलीं आहेत. हा अदमास पूर्वजांनीं कसा बांधला, आणि अलीकडे तो कोठें चुकला, हें ज्याच्या ध्यानांत आलें त्यानें नाशिक पाहिलें असें म्हणतां येईल. एका दिवसांत, सकाळपासून सायंकाळपर्यंत, हें कसें पाहावें तें येथें सांगावयाचें आहे. आरंभीं इतकेंच ध्यानांत ठेवावें कीं, नाशिककर गोदावरीस गोदावरी म्हणत नाहीं. तो तिला गंगा म्हणतो, आणि घाटावर जाण्यास "गंगेवर जाणें" असें म्हणतो.

गोदावरी त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून नाशिक सुमारें ३० किलोमीटर आहे. उगमापासून पश्चिमेचा अरबी समुद्र ८० किलोमीटरांच्या आसपास. परंतु सह्याद्रीची उतरण पूर्वेकडे असल्यामुळें ही नदी जवळचा समुद्र पाठीशीं टाकून निघते आणि १,४६५ किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशांत बंगालच्या उपसागरास मिळते. या भूगोलाचा सहलीशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, मोठा पाऊस पडतो तो घाटमाथ्यावर, त्र्यंबकाच्या डोंगरांत. आणि पूर येतो तो नाशिकास. गांवांत ऊन पडलेलें असावें, रस्ते कोरडे असावेत, आणि रामकुंडावर पाणी मात्र एकेक पायरी गिळीत वर यावें, हा देखावा नाशिककरांस नवा नाहीं. परगांवच्या माणसास तो चमत्कार वाटतो. म्हणूनच पावसाळ्यांत मुलांस घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरूं देऊं नये, आकाश कितीही निरभ्र असो.

रेल्वेनें येणाऱ्यांनीं नाशिक रोड स्थानकावर उतरावें. जुनें गांव तेथून सुमारें ९ किलोमीटरांवर आहे. दिवस उजाडतांच प्रथम पांडवलेण्यांकडे जावें. पुष्कळ लोक तीं शेवटीं ठेवितात, आणि मग उन्हानें थकलेलीं मुलें पायऱ्या मोजण्यापलीकडे कांहीं पाहत नाहींत. लेणीं शहराच्या दक्षिणेस मुंबईच्या रस्त्यावर सुमारें ८ किलोमीटरांवर त्रिरश्मि डोंगरांत आहेत. त्यांचा पांडवांशीं कांहीं संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं असून त्यांची संख्या २४ आहे, आणि त्यांतील सर्वांत जुनीं लेणीं दोन हजार वर्षांपूर्वींचीं आहेत. नाशिक हें नांवही तितकेंच जुनें, हें येथेंच कळतें. सातवाहन कुळांतील कृष्ण राजाच्या कारकीर्दींत येथें एक लेणें कोरविलें गेलें. तें कोरविणारा महामात्र नाशिकचा होता, असें त्यांतील ब्राह्मी लेखांत स्पष्ट लिहिलें आहे. शूर्पणखेच्या नासिकेची कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. ती कथा सांगणाऱ्यांनीं हा दगडावरचा दाखलाही मुलांस दाखवावा.

तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी दिवंगत झाल्यावर, नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षीं तिनें हें लेणें भिक्षूंस दिलें आणि त्या निमित्तानें पुत्राचे गुण दगडावर लिहून ठेविले. त्याच्या वाहनांनीं तीन समुद्रांचें पाणी प्यालें, अशी त्यांत थोरवी आहे. शौर्याचें वर्णन प्रत्येक राजाचें असतें. शत्रूचेंही प्राण घेण्याची त्यास आवड नव्हती, हें मात्र एका आईनें लिहवून ठेवावें याचें मला नेहमीं विशेष वाटतें.

तथापि माझ्या मतें या डोंगरांतील सर्वांत वाचनीय लेख राजाचा नाहीं. तो दहाव्या लेण्यांत आहे आणि तो क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा आहे. गणिताच्या तासास शोभेल असा हा लेख आहे. उषवदातानें हें लेणें संघास दिलें आणि त्यांत राहणाऱ्या वीस भिक्षूंच्या खर्चासाठीं ३,००० कार्षापणांची अक्षय ठेव ठेविली. ही ठेव त्यानें राजाच्या खजिन्यांत ठेविली नाहीं, देवळाच्या पेटींतही ठेविली नाहीं. ती त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. २,००० कार्षापण एका श्रेणीकडे, दरमहा शेंकडा एक या व्याजानें. आणि १,००० दुसरीकडे, दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. पहिल्या रकमेचें व्याज भिक्षूंच्या चीवरांसाठीं, म्हणजे वस्त्रांसाठीं, प्रत्येकास बारा कार्षापण याप्रमाणें द्यावयाचें होतें. आतां हिशेब करून पाहा. दोन हजारांस शेंकडा एक, म्हणजे महिन्यास वीस, वर्षास २४०. वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा, म्हणजे २४०. एक कार्षापणाचाही फरक पडत नाहीं. मूळ रक्कम परत द्यावयाची नाहीं, केवळ व्याज द्यावयाचें, अशी स्पष्ट अट आहे. आणि हा सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकवून नोंदला, असेंही त्यांत म्हटलें आहे. विणकरांची श्रेणी म्हणजे आजच्या भाषेंत कारागिरांची संस्था. एका सत्ताधाऱ्याच्या जांवयानें आपली रक्कम त्यांच्या हातीं विश्वासानें द्यावी, आणि त्यांनीं ती कापडाच्या धंद्यांत फिरवून व्याज पुरवावें, एवढी त्यांची पत होती. हें गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेस, गंगापुराजवळ गोदावरीच्या कांठीं असलेलें आजचें गोवर्धन गांव होय, असें विद्वान् मानतात. सायंकाळीं आपणांस तिकडेच जावयाचें आहे.

याच लेण्यांतील लेखांत उषवदातानें केलेल्या इतर दानांची यादी आहे. त्यांत विहिरी आहेत, धर्मशाळा आहेत, नारळाचीं आठ हजार रोपें आहेत. आणि विशेष म्हणजे तापी, दमण, डहाणू इत्यादि ठिकाणच्या नद्यांवर लोकांस फुकट पार उतरविण्यासाठीं ठेविलेल्या होड्या आहेत. पूल नसलेल्या काळीं नदी हीच वाटेंतील मोठी अडचण असे; ती दूर करणें हें पुण्य मानलें जाई. नहपानाचें पुढें काय झालें, तेंही नाशिक जिल्ह्यांतच कळलें. १९०६ सालीं जोगलटेंभी येथें नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक होतीं, आणि त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपली मुद्रा पुन्हां ठोकलेली होती. राज्य गेलें याची याहून स्पष्ट वार्ता कोणती असूं शकेल!

लेण्यांवरून उतरून नऊ-साडेनऊपर्यंत गंगेवर पोंचावें. येथें प्रथम दिशा समजून घ्यावी, नाहीं तर दिवसभर गोंधळ होतो. पश्चिमेकडून आलेली गोदावरी रामकुंडापाशीं दक्षिणेकडे वळते. तिच्या डाव्या तीरावर पंचवटी आणि उजव्या तीरावर जुनें नाशिक. दोहोंच्या मध्यें काळ्या दगडाच्या पायऱ्या, लहानमोठीं देवळें आणि कुंडें यांचा पसारा. बुधवारीं याच घाटावर आठवड्याचा बाजार भरतो. तो दिवस साधला तर देवदर्शन आणि भाजी या दोहोंची गर्दी एकाच पायरीवर पाहावयास मिळते.

येथील बांधकामाविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. रामाच्या वनवासाची कथा फार प्राचीन आणि तिच्यावरील लोकांची श्रद्धा अत्यंत खोल आहे. परंतु आज जे घाट व जीं देवळें दिसतात तीं बहुतेक सतराव्या शतकाच्या अखेरीचीं आणि अठराव्या शतकांतील आहेत. मोगली अंमलांत या शहरास गुलशनाबाद म्हणत. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तें मराठ्यांकडे आलें, जुनें नांव परत मिळालें आणि सरदारांत बांधकामाची जणूं चढाओढ लागली. रामकुंड १६९६ सालीं चित्रराव खटारकर यांनीं बांधविलें आणि १७८२ सालीं गोपिकाबाई पेशवे यांनीं त्याची दुरुस्ती केली. या गोपिकाबाई म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी. त्यांचा एक पुत्र विश्वासराव पानिपतावर पडला, दुसरा माधवराव क्षयानें गेला, तिसरा नारायणराव शनिवारवाड्यांत मारला गेला. आयुष्याचा शेवटचा काळ त्यांनीं या गंगेच्या सान्निध्यांत काढिला. ज्या कुंडांत लोक आपल्या मृतांच्या अस्थि सोडितात त्या कुंडाचे दगड अशा मातेनें सांधविले, हें ठाऊक असलें म्हणजे त्या पायऱ्यांकडे पाहण्याची दृष्टि बदलते. महात्मा गांधींच्या अस्थींचा कांहीं भागही १९४८ सालीं येथेंच विसर्जित करण्यांत आला.

आतां कुंडांविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण सहलीची खरी गोष्ट येथें आहे. रामकुंड हें एकटें नाहीं. लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड, शार्ङ्गपाणिकुंड, दशाश्वमेधकुंड अशीं सतरा कुंडें नदीच्या पात्रांत एकापुढें एक होतीं. नदीचें पात्र येथें काळ्या कातळाचें आहे. हा कातळ घट्ट दिसतो, पण त्यास भेगा असतात आणि त्या भेगांतून जमिनींत मुरलेलें पाणी झऱ्यांच्या रूपानें वर येतें. जुन्या बांधकाम करणाऱ्यांनीं हें पाहिलें. त्यांनीं पात्र सपाट केलें नाहीं. जेथें खोलगट भाग होता तेथें दगडी भिंती व पायऱ्या बांधून कुंड केलें. पावसाळ्यांत नदी या सर्वांवरून खुशाल वाहून जाई. उन्हाळ्यांत प्रवाह बारीक झाला कीं प्रत्येक कुंडांत स्वतःचें पाणी उरे, आणि खालचे झरे तें ताजें ठेवीत. एकच रचना पुरासही वाट देई आणि दुष्काळांतही पाणी राखी. यांत गूढ कांहीं नाहीं. पाणी कोठून येतें आणि कोठें जातें हें वर्षानुवर्षें पाहणाऱ्या माणसांचें तें शहाणपण आहे.

दर बारा वर्षांनीं गुरु सिंह राशीस आला म्हणजे येथें सिंहस्थ कुंभमेळा भरतो आणि लक्षावधि लोक स्नानास येतात. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारींत यात्रेकरूंस उभें राहण्यास जागा व्हावी म्हणून पात्रांत काँक्रीट ओतण्यांत आलें, आणि कित्येक कुंडें त्याखालीं गेलीं. हेतु वाईट होता असें कोणी म्हणणार नाहीं. निसरड्या कातळावर माणसें पडूं नयेत ही काळजी योग्यच होती. परंतु कातळाच्या भेगा बुजल्या म्हणजे झऱ्याचें तोंड बुजतें, आणि झऱ्यावांचून कुंड म्हणजे केवळ हौद. त्याच वर्षीं २७ ऑगस्ट रोजीं रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ यात्रेकरू मृत्यु पावले. गर्दीचें संकट गल्लींत दबा धरून बसलें होतें, आणि जागा मात्र नदीच्या पात्रांत रुंद करण्यांत आली होती! पुढें नाशिकच्या जागरूक नागरिकांनीं जुने नकाशे व कागद शोधून काढिले, उच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, आणि अलीकडच्या वर्षांत कांहीं ठिकाणचें काँक्रीट फोडून काढण्यांत आलें. विद्यार्थ्यांनीं घाटावर उभें राहून कोठें जुना दगड आहे आणि कोठें सिमेंट आहे हें वहींत टिपावें. १९०० च्या पूर्वींच्या छायाचित्रांत हाच घाट पाहावयास मिळाल्यास दोहोंची तुलना अवश्य करावी. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ चा. तेव्हां हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाहीं.

रामकुंडाच्या थोडें खालीं पात्रांतच दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ति उभी आहे. तिच्याकडे मुलें हंसून पाहतात, कारण तिला दोन्ही बाजूंस तोंड आहे. नाशिककर तिच्याकडे पाहतो तो पाणी मोजण्यासाठीं. "मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आलें", "कमरेस लागलें", "गळ्याशीं आलें" अशी पुराची बातमी गांवभर पसरते, आणि त्या मापावर दुकानदार माल हलवूं लागतात. पाटबंधारे खात्याचें माप अहिल्यादेवी होळकर पुलापाशीं घेतलें जातें (हाच पूर्वींचा व्हिक्टोरिया पूल), आणि तें अर्थात् अधिक अचूक असतें; परंतु तें वाचतां येणारे थोडे, मारुती वाचतां येणारे सर्व. १९६९ च्या सप्टेंबरांतील महापूर वृद्धांच्या तोंडीं अजून आहे. त्यानंतर २००८, २०१६ आणि २०१९ या सालींही पाणी मोठें चढलें.

घाटावरून कपालेश्वराच्या उंच पायऱ्या चढाव्यात. शंकराचें देऊळ असून त्यापुढें नंदी नाहीं, ही येथील प्रसिद्ध विशेषता. पुढें याच तीरावर नारोशंकराचें देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनीं तें १७४७ सालीं बांधविलें. देवळाच्या कोटावर पितळी धातूची एक प्रचंड घंटा टांगलेली आहे, आणि तिच्यावर १७२१ हा सन आहे. ती पोर्तुगिजांची. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली तेव्हां तेथील घंटा मराठ्यांनीं विजयचिन्हें म्हणून आणिल्या, त्यांपैकीं ही एक, असें परंपरेनें सांगतात. ख्रिस्ती मंदिरासाठीं ओतलेली घंटा महादेवाच्या दारीं लटकत आहे आणि दोहोंपैकीं कोणासही त्याचा विषाद नाहीं, हें पाहून आमच्या विद्यार्थ्यांनीं जरूर थांबावें.

काळारामाचें देऊळ घाटापासून थोडें आंत, पंचवटींत आहे. सरदार रंगराव ओढेकर यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस तें बांधविलें; दगड रामशेजच्या डोंगरांतून आणिला. बांधणी भव्य व सांधे इतके नेमके कीं पाहत राहावें. पण या देवळाचे चार दरवाजे पाहतांना १९३० साल विसरतां येत नाहीं. त्या वर्षीं २ मार्च रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं अस्पृश्य मानलेल्या हजारों लोकांची मिरवणूक शांतपणें देवळाशीं आली. दरवाजे लावून घेण्यांत आले. मिरवणूक वळून गोदावरीच्या घाटावर गेली आणि तेथें सभा भरली. दुसऱ्या दिवशीं १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी दरवाजांपुढें जाऊन बसली. भाऊराव गायकवाड यांनीं स्थानिक कार्याची धुरा वाहिली आणि हा लढा कित्येक वर्षें चालला. दार उघडलें नाहीं. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवलें येथें बाबासाहेबांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं असें जाहीर केलें. आज दरवाजा सर्वांस मोकळा आहे, आणि मुलें उंबरा ओलांडून सहज आंत धांवतात. शिक्षकानें त्यांस एक मिनिट बाहेर उभें करून हा उंबरा दाखवावा, एवढेंच माझें सांगणें. सीतागुंफा व पंचवटीचे वड जवळच आहेत. तेथें रांग मोठी असल्यास वेळ मोडूं नये.

दुपारचें जेवण आटोपून पूल ओलांडावा आणि जुन्या नाशिकांत शिरावें. पुलाच्या टोंकाशीं सुंदरनारायणाचें देऊळ आहे. १७५६ सालीं गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं बांधविलेलें हें देऊळ काळाच्या ओघांत खिळखिळें झालें, तेव्हां पुरातत्त्व खात्यानें दगडांस क्रमांक घालून ते उतरविण्याचें व पुन्हां रचण्याचें काम हातीं घेतलें. पुढें सराफबाजार, भांडीबाजार, तांबटांची आळी. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं नाशिकची ख्याति जुनी आहे. येथें दहीपूल नांवाचा चौक आहे. पूल कोठें दिसत नाहीं म्हणून मुलें विचारतात. उत्तर असें कीं, त्या रस्त्याखालीं सरस्वती नाला झांकलेला आहे. वर दुकानें झालीं, पूल लोपला, नांव तेवढें राहिलें. मोठा पाऊस झाला म्हणजे नाल्यास आपली जुनी वाट आठवते आणि सराफांच्या पेढ्यांत पाणी शिरतें. अशीं नांवें गांवाची स्मरणशक्ति असतात. तीं बदलण्यापूर्वीं विचार करावा.

नदीच्या याच तीरावर मातीची जुनी गढी आहे. बाहेरून पाहतां तें एक ढासळणारें टेकाड दिसेल. १९५०-५१ सालीं डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनीं येथें उत्खनन केलें आणि एका वस्तीवर दुसरी वस्ती असे थर उघडकीस आणिले. मातीच्या भांड्यांचे तुकडे खालपासून वरपर्यंत क्रमानें लावले म्हणजे सातवाहनांच्याही पूर्वींपासून मोगलांपर्यंतचें नाशिक हातांत येतें. गढीच्या कडेस जाऊं नये. पावसाळ्यांत तिचे भाग कोसळतात.

चारच्या सुमारास शरणपुराकडे वळावें. शहरांतील लोकांस शरणपूर रोड हा केवळ दुकानांचा रस्ता म्हणून ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे रे. विल्यम प्राइस यांनीं येथें ख्रिस्ती वसाहत उभी केली. अनाथ मुलें तेथें राहत, शिकत व सुतारकाम, लोहारकाम असे धंदे करीत. त्यांत एक विलक्षण भर पडली. अरबी समुद्रांत गुलामांची ने-आण करणारीं गलबतें इंग्रजी आरमार पकडीत असे. त्यांतून सुटलेलीं आफ्रिकन मुलें मुंबईस उतरविलीं जात आणि त्यांपैकीं अनेक शरणपुरास पाठविलीं जात. आपलें गांव कोठें, आईबाप कोण, हें त्यांतील पुष्कळांस सांगतां येत नसे. तीं येथें वाढलीं, अक्षर शिकलीं. यांपैकीं जेकब वेनराइट हा तरुण पुढें डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस आफ्रिकेंत गेला. १८७३ च्या मे महिन्यांत लिव्हिंग्स्टन मरण पावले तेव्हां त्यांच्या सोबत्यांनीं देह जपून, खांद्यावर वाहून, कित्येक महिन्यांच्या वाटचालीनें समुद्रकिनाऱ्यास आणिला. मृताच्या वेळची प्रार्थना जेकबानें वाचली. झाडावर नांव व तारीख त्यानेंच कोरली. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत दफन झालें, त्या वेळीं शवपेटीस हात लावणाऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी होता. पुढें शरणपुरांतील बरेच आफ्रिकन तरुण मोंबासाजवळील फ्रीरटाउन वसाहतींत जाऊन राहिले. येथें पाहण्याजोगें फार उरलें नाहीं. संत आंद्रियाचें मंदिर आणि कांहीं जुनीं झाडें. पण ज्या मुलांस भूगोलांत आफ्रिकेचा नकाशा कंटाळवाणा वाटतो त्यांनीं तो येथें उघडावा.

येथून गंगापूर रस्त्यानें नदीच्या उलट दिशेस निघालें कीं सोमेश्वर लागतें. देवळाजवळ नदी कातळावरून उडी घेते. पावसाळ्यांत हा धबधबा पाहण्यासारखा असतो, उन्हाळ्यांत कातळच पाहावा आणि कुंडांच्या रचनेविषयीं वर सांगितलें तें आठवावें, कारण माणसाचा हात लागण्यापूर्वीं रामकुंडाचें पात्र साधारण असेंच असलें पाहिजे. त्यापुढें गंगापूर व गोवर्धन. विणकरांच्या त्या दोन श्रेणींची कोणतीही खूण येथें दिसत नाहीं. द्राक्षांचे मळे व बंगले दिसतात.

आणखी वर गंगापूरचें मातीचें धरण आहे. तें १९६५ सालीं पूर्ण झालें, आणि तेव्हांपासून नाशिकची गंगा पूर्वींप्रमाणें आपल्या मर्जीनें वाहत नाहीं. वर्तमानपत्रांत "इतके हजार क्युसेक पाणी सोडलें" असें येतें, त्याचा अर्थ मुलांनीं समजून घ्यावा. एका सेकंदांत एक घनफूट पाणी गेलें म्हणजे एक क्युसेक; लिटरांत सांगावयाचें तर सुमारें २८. धरणाचा उपयुक्त सांठा ५,६३० दशलक्ष घनफूट धरिला, तर दहा हजार क्युसेकांनीं तो रिकामा होण्यास किती वेळ लागेल? भागाकार केल्यास ५,६३,००० सेकंद, म्हणजे सुमारें साडेसहा दिवस येतात. धरण भरल्यावर वरून येणारें पाणी सोडणें भागच असतें, आणि तें कांहीं तासांत दुतोंड्या मारुतीपाशीं पोंचतें. उलट उन्हाळ्यांत पिण्यासाठीं सांठा राखावा लागतो, आणि मग रामकुंडांत उरेल तें पाणी झऱ्यांचें. झरे कां जपावयाचे, हें येथें या भिंतीपाशीं अधिक चांगलें समजतें.

जवळच नदीकांठीं जलालपूर हें लहान गांव आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म तेथें १८६८ सालीं झाला. त्यांचीं "स्मृतिचित्रें" १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं. घरांत येणारी प्रत्येक वस्तु पाण्यानें धुऊन घेणाऱ्या त्यांच्या वडिलांचें सोंवळें त्यांत वाचावयास मिळतें. एवढें पाणी त्या घरीं वाहून कोणी आणिलें, हा प्रश्नही वाचतां वाचतां मनांत येतो. सहलीस निघण्यापूर्वीं पुस्तकाचीं पहिलीं प्रकरणें वर्गांत वाचून घ्यावींत. धरणावर जाण्यास कांहीं वेळां मनाई असते, म्हणून आधीं चौकशी करावी. आणि रात्रीची गाडी धरावयाची असल्यास सहाच्या आंत परतीची वाट धरावी, कारण गंगापूर रस्त्यावर सायंकाळीं वाहनांची दाटी फार होते.